साठीनंतरची फ्रेम: आधी पट्टी, मग आरसा

प्रश्न

मी ६४ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर उणे साडेचार, वाचायला त्यावर सव्वादोन. वर्षानुवर्षं रिमलेसच, म्हणजे काचेभोवती रिम नसलेला चष्मा वापरला, तो चेहऱ्यावर दिसूच नये म्हणून. गेल्या वर्षी बायफोकल सोडून प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या आणि दुकानदाराने सुचवलेली अरुंद, आयताकृती फ्रेम घेतली. वाचताना हनुवटी वर करावी लागते, मान दुखते. तक्रार केली तर ‘या वयात सवय व्हायला वेळ लागतो’ असं उत्तर मिळालं. फोटोत डोळे बारीक आणि थकलेले दिसतात. सून आयरिस अ‍ॅपफेल या मोठ्या गोल चष्म्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन फॅशन आयकॉनचे फोटो पाठवून म्हणते, ‘आई, जाड काळी गोल फ्रेम घ्या.’ जाऊबाई म्हणतात, ‘आता कुणाला दाखवायचंय?’ गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल, असे तक्ते पाहिले, पण माझा चेहरा नेमका कोणता तेच ठरेना. त्यातच मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. नवी फ्रेम घ्यावी का? कोणती?

उत्तर

नमस्कार ताई,

जाऊबाईंचा प्रश्न आधी बाजूला ठेवू. चष्मा तुम्ही सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घालता. साडी रोज बदलते, चष्मा दोन-तीन वर्षं तोच राहतो. चेहऱ्याच्या मधोमध बसणारी वस्तू नीट निवडायला ‘कुणाला दाखवायचंय’ हे कारण लागत नाही.

‘या वयात सवय व्हायला वेळ लागतो’ हे उत्तर मात्र पटण्यासारखं नाही. प्रोग्रेसिव्हची सवय व्हायला काही दिवस, फार तर दोनेक आठवडे लागतात. वर्षभरानंतरही हनुवटी वर करावी लागत असेल तर दोष वयाचा नाही, मापाचा आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, तो खाली उतरत उतरत जवळचा होतो. बाहुलीच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर जागा आहे यावर वाचायचा भाग पूर्ण मिळतो की कापला जातो हे ठरतं. साधारण डिझाइनला ही जागा १७-१८ मिमी लागते, आखूड डिझाइनला १४ च्या आसपास. अरुंद आयताकृती फ्रेममध्ये काचेची एकूण उंची बहुधा २४-२५ मिमीच असते, म्हणजे बाहुलीच्या खाली जेमतेम १३-१४ उरतात. वाचायचा सव्वादोनचा भाग काच घासताना दुकानातच कापला गेला. उरलेल्या पट्टीतून अक्षर पकडायला तुम्ही हनुवटी वर करता, मग मान दुखते.

हे तपासता येतं. प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिमी अंतरावर दोन अगदी बारीक खुणा कोरलेल्या असतात, उजेडात तिरकी धरली की दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबराचा आकडाही कोरलेला असतो. कुठल्याही जाणत्या ऑप्टिशियनला सांगा, या खुणांवरून मार्करने काचेवर फिटिंगचा क्रॉस काढा आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर घालून बघा. क्रॉस बाहुलीच्या मधोमध आला पाहिजे. खाली आला असेल, तर नाकावरचे पॅड थोडे जवळ घेऊन चष्मा एक-दोन मिलिमीटर वर उचलता येतो आणि तेवढ्याने कधी कधी काम भागतं. क्रॉस जागेवर असूनही वाचता येत नसेल तर बहुधा फ्रेमच उथळ आहे.

तोवर एक सोपी सोय आहेच. उणे साडेचारचा डोळा चष्मा काढला की साधारण २२ सेंटीमीटरवर स्वच्छ बघतो. सुई ओवायला, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला चष्मा काढून जवळ धरा. त्यात कमीपणा काही नाही.

आता दिसण्याकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: रिमलेस म्हणजे न दिसणारा चष्मा. उणे एक-दीडच्या नंबराला ते खरं आहे. उणे साडेचारला काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि रिमलेसमध्ये ती जाड कड उघडी पडते. समोरून बघणाऱ्याला त्या कडेची पांढरट वर्तुळं दिसतात, बाजूने बघणाऱ्याला काचेची जाडी. लपवायला म्हणून घेतलेल्या चष्म्याने तुमचा नंबर जाहीर केला. साध्या रिमने तीच कड झाकली जाते.

डोळे बारीक दिसण्याचं कारणही हेच. उणे काच डोळा लहान दाखवते, शिवाय काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली दिसते. काच जितकी रुंद आणि डोळ्यापासून जितकी लांब, तितका हा परिणाम जास्त. म्हणून सुनेची मोठी गोल फ्रेम तुमच्या नंबराला अडचणीची आहे. तिची आवड चुकीची म्हणत नाही. आयरिस अ‍ॅपफेल (१९२१–२०२४) यांना त्या फ्रेम शोभल्या त्या आखूड पांढरे केस, गडद लिपस्टिक, गळ्यात-हातात ठसठशीत दागिने या सगळ्यासकट. नुसती फ्रेम उचलून सुती साडी, अंबाडा आणि टिकलीच्या चेहऱ्यावर ठेवली तर ती एकटी पडते.

मोठ्या फ्रेमचा हिशेब आकड्यांत बघा, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कुठल्याही फ्रेमच्या दांडीच्या आतल्या बाजूला किंवा नाकाच्या पुलावर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५४, छोटा चौकोन, १८, आणि पुढे १४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोघांची बेरीज केली की फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर मिळतं. इथे ५४ आणि १८, म्हणजे ७२. आता तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला दुकानात ‘पीडी’ म्हणतात, ते समजा ६० आहे. फरक १२, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ६ मिमी नाकाकडे सरकलेला, आणि कानाकडे तेवढी काच जास्त. तुमच्या नंबराच्या साध्या १.५० काचेची (हा आकडा काच प्रकाश किती वळवते ते सांगतो, तो जितका मोठा तितकी काच पातळ) कानाकडची कड ढोबळ हिशेबाने ७ मिमीच्या जवळ जाते. त्याऐवजी ४८ आणि १८ ची फ्रेम घेतली तर बेरीज ६६, डोळा ३ मिमीच सरकलेला, आणि तीच साधी काच कडेला सव्वापाचच्या आसपास. आता गंमत अशी, की मोठ्या फ्रेममध्ये महागडी १.६७ ची ‘पातळ’ काच बसवली तरी कड पाचच्या आसपासच राहते. छोट्या फ्रेमने जे फुकट मिळतं, तेच मोठ्या फ्रेममध्ये काचेवर काही हजार मोजून विकत घ्यावं लागतं. छोटी फ्रेम आणि १.६० ची काच घेतलीत तर कड चारच्या आसपास येईल आणि रिममध्ये जवळपास लपेल. १.७४ घ्यायचं कारण तुमच्या नंबराला नाही, विक्रेता कितीही म्हणो.

तेव्हा घरून निघताना पर्समध्ये शाळेतली जुनी पट्टी टाका. बघायची मापं अशी: काचेची रुंदी ४८ ते ५०, रुंदी आणि पूल मिळून बेरीज तुमच्या पीडीपेक्षा सहा-आठने जास्त असेल तर उत्तम, आणि काचेची उंची ३२ ते ३६ मिमी. उंचीचा आकडा फ्रेमवर सहसा छापलेला नसतो, तो पट्टीनेच मोजावा लागतो, आणि नेमका तोच आकडा तुमच्या बाबतीत मागच्या वेळी चुकला. अठ्ठेचाळीस रुंद आणि चौतीस उंच म्हटलं की आकार आपोआप जवळपास गोलसर किंवा मऊ चौकोनी होतो.

गोल चेहरा, लांबट चेहरा या तक्त्यांवर म्हणूनच फार वेळ घालवू नका. साठीनंतर चेहऱ्यावर जे बदलतं त्याचा त्या तक्त्यांत पत्ताच नसतो. भुवया विरळ होतात, विशेषतः बाहेरच्या टोकाला. वरची पापणी जरा उतरते. नाकाचा शेंडा खाली येतो, नाकावरची कातडी पातळ होते. डोळ्यांखाली फुगवटा आणि काळसर सावली येते. फ्रेम या चार-पाच गोष्टींशी कशी वागते ते बघायचं.

भुवईपासून सुरुवात करा. फ्रेमची वरची कड भुवईच्या रेषेने, तिच्या किंचित खालून किंवा तिला लागून जावी. भुवया पूर्ण झाकल्या तर चेहऱ्यावरचे भाव जातात, भुवई आणि फ्रेम यांच्यात बोटभर अंतर राहिलं तर विरळ भुवई आणखी उघडी पडते. वरची कड जरा जाड किंवा गडद असेल तर विरळ भुवईची उणीव तीच भरून काढते. बाहेरच्या टोकाला कड अगदी थोडी वर उचललेली असावी, दोन-तीन मिलिमीटर पुरे. त्याने उतरलेल्या पापणीची रेषा सावरते. मांजरीच्या डोळ्यांसारखी टोकं काढलेल्या फ्रेम दुकानात पुढे करतील, त्यातली तीव्र टोकं लग्नातल्या एका फोटोपुरती ठीक, रोजच्याला नकोत. दांडी फ्रेमला कुठे जोडलीय तेही बघा. फ्रेमच्या वरच्या एक-तृतीयांश भागात जोडलेली दांडी नजर वर ठेवते, मध्यावर किंवा खाली जोडलेली गालाकडे ओढते.

खालची कड हा दुसरा मुद्दा. ती नेमकी फुगवट्याच्या वळणावर आणि गडद रंगाची आली, की काळ्या वर्तुळावर आणखी एक वर्तुळ काढल्यासारखं होतं. सुनेने सुचवलेल्या जाड काळ्या फ्रेमला माझा खरा आक्षेप हाच. वर गडद, खाली फिकट होत जाणारी फ्रेम घ्या, किंवा वर जाड आणि खाली बारीक धातूची. अर्धी रिम असलेली, खाली नायलॉनच्या दोऱ्याची ‘सुप्रा’ फ्रेमही हे काम करते, पण तिच्यात तुमची जाड कड खालून पुन्हा उघडी पडेल. आरशासमोर खळखळून हसून बघा. हसताना फ्रेम गालांवर टेकून वर उचलली गेली तर ती नको, मग ती कितीही शोभो. गालावर टेकणाऱ्या फ्रेमच्या काचेवर क्रीम आणि घाम दिवसभर लागत राहतो आणि प्रोग्रेसिव्हची सगळी मापं प्रत्येक हसण्याबरोबर हलतात.

पुलाचा आकारही बघा. दोन आडव्या दांड्यांचा पूल टिकलीच्या जागेत गर्दी करतो. एकच, जरा वरच्या बाजूला असलेला बारीक पूल बरा. टिकली लावूनच फ्रेम निवडायला जा, रोजचे कानातले घालून आणि केस रोज बांधता तसे बांधून. कानामागे श्रवणयंत्र लावणाऱ्या वाचकांनी ते लावूनच जावं. त्यांना दांडी कानापाशी बारीक हवी, रुंद शेलची, म्हणजे अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची, दांडी आणि यंत्र एकमेकांना ढकलत राहतात.

रंग. केस पांढरे झाले की वीस वर्षांपूर्वी शोभणारा सोनेरी रंग फिका पडतो आणि निखळ काळा फार कडक दिसतो. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाला आणि पांढऱ्या-करड्या केसांना वाइन, जांभळट तपकिरी, गडद निळा, मोरपंखी हे रंग उठाव देतात. टॉर्टॉइज म्हणून जो तपकिरी-पिवळसर ठिपक्यांचा रंग विकतात तो मेंदी लावणाऱ्यांच्या केसांना छान जातो, शुभ्र केसांना त्याची करडी छटा घ्यावी. कातडीच्याच रंगाची फ्रेम टाळा. तिने चेहरा पुसट होतो.

कशाची बनलेली आहे, हे थोडक्यात. चांगल्या अ‍ॅसिटेटला, म्हणजे शेल फ्रेमला, गरम करून हवा तसा बाक देता येतो. टीआर-९० हे प्लास्टिक हलकं आणि लवचीक, पण दिलेला बाक ते सहज धरत नाही, त्यामुळे नाक-कानांशी जमवून घेणं अवघड. धातूच्या फ्रेममध्ये टायटॅनियम हलकं, पण महाग. खोट्या दागिन्यांनी तुमचे कान चिडत असतील तर निकेल असलेल्या स्वस्त धातूच्या फ्रेमनेही नाक आणि कानशिलं चिडतील, तेव्हा शुद्ध टायटॅनियम किंवा शेल घ्या. नाकावर खोल खुणा पडत असतील तर मोठे, मऊ सिलिकॉनचे पॅड मागा. ते दर काही महिन्यांनी पिवळे-कडक झाले की बदलायचे, खर्च अगदी किरकोळ. बसक्या नाकाला शेलमध्येही पुढे-मागे होणारे पॅड असलेल्या फ्रेम मिळतात, आपल्याकडे त्याच अनेकींना नीट बसतात.

दुकानात एक अडचण सगळ्यांनाच येते: नव्या फ्रेममध्ये नंबर नसतो, त्यामुळे ती घालून आरशात आपला चेहराच धड दिसत नाही. म्हणून सुनेला सोबत न्या आणि फोटो काढायला लावा. सेल्फी नको. हातभर अंतरावरून कॅमेरा नाक मोठं आणि कान मागे गेलेले दाखवतो. दीड-दोन मीटरवरून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून, गरज तर झूम करून चार फोटो: समोरून, बाजूने, हसताना, आणि वाचायला मान खाली घातल्यावर. मग आपला जुना चष्मा लावून ते निवांत बघा. शक्यतो दुपारी जा, दाराजवळच्या उजेडात बघा. शोकेसच्या पांढऱ्या दिव्यात डोळ्यांखालच्या सावल्या गडद दिसतात आणि सगळ्याच फ्रेम नापसंत होतात.

फ्रेम ठरली की ऑप्टिशियनला हा क्रम पाळायला लावा. आधी फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवून घ्यायची: पॅड, दांडीचा बाक, दोन्ही बाजूंची उंची. दांडी कानाच्या माथ्यावर आली की तिथूनच वळली पाहिजे, आधी वळली तर टोचते, उशिरा वळली तर चष्मा घसरतो. पापण्या काचेला लागता कामा नयेत, पण काच डोळ्यापासून १२-१३ मिमीहून फार लांबही नको. त्यानंतर तुमच्यासमोर, तुमच्याच उंचीवर बसून त्याने नमुना काचेवर प्रत्येक बाहुलीचा ठिपका काढायचा आणि दोन्ही डोळ्यांचा पीडी वेगवेगळा मोजायचा, कारण नाकापासून दोन्ही डोळे बहुधा सारख्या अंतरावर नसतात. फ्रेम बसवण्याआधीच ठिपके काढले तर नंतरच्या बसवण्याने ते चुकतात. हे सगळं घरबसल्या मागवलेल्या चष्म्यात होत नाही. वाचायचा साधा चष्मा तसा मागवायला हरकत नाही, प्रोग्रेसिव्ह मागवू नये.

काचेवर अँटीग्लेअर कोटिंग घ्याच. फोटोत आणि समोरासमोर बोलताना काचेत दिवे दिसण्याऐवजी तुमचे डोळे दिसतील, सगळ्या खर्चात दिसण्यावर सगळ्यात जास्त फरक याचाच पडतो. ब्लू-कटसाठी, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी, जादा पैसे देऊ नका. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ मधल्या आढाव्यात डोळ्यांचा शीण कमी करण्यात त्याचा बहुधा काही उपयोग नसल्याचं दिसलं, आणि त्याची पिवळसर झाक चेहऱ्यावर येते ती वेगळीच. कायमची रंगीत काचही नको. वयाबरोबर डोळ्यांना उजेड जास्त लागतो, मोतीबिंदू असताना तर आणखीच.

मोतीबिंदूमुळे खर्चाचं गणित बदलतं. शस्त्रक्रियेत लांबचं स्वच्छ दिसेल अशी लेन्स बसवली तर उणे साडेचार जवळपास संपतो आणि चष्म्याच्या आजच्या काचा निरुपयोगी होतात. ज्यांनी जन्मभर चष्मा काढून वाचलंय, त्यांच्यापैकी काहींना जवळचंच विनाचष्मा दिसलेलं आवडतं. लेन्स कुठल्या अंतरासाठी बसवायची हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी जरूर बोला. नवा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी स्थिरावल्यावरच काढायचा. म्हणून येत्या वर्षभरात शस्त्रक्रिया होणार असेल तर पैसे फ्रेमवर घाला, काच मधल्या प्रतीची घ्या. फ्रेम नंतरही चालेल, तिच्यात नव्या काचा बसवता येतील. डॉक्टर दोन-तीन वर्षं काही नाही म्हणत असतील तर उलट, काचेतही कंजुषी नको. मधुमेह असलेल्या वाचकांनी साखर आटोक्यात असताना नंबर काढावा, ती वर-खाली असताना काढलेला नंबर महिन्याभरात खोटा ठरू शकतो.

जिना उतरताना प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल, दोन्हींतून पायरी वाचायच्या भागातून दिसते आणि धूसर होते. मान खाली घालून लांबच्या भागातून पायरी बघा. बाहेर रोज फिरणाऱ्यांनी जुन्या धड फ्रेममध्ये नुसत्या लांबच्या नंबराच्या काचा बसवून तो फिरायचा चष्मा केला तर उत्तम.

आणि तरीही तुम्हाला रिमलेसच हवा असेल, तर तो हट्ट मोडायची गरज नाही. रिमलेसमध्ये काचेचा आकार फ्रेमने बांधलेला नसतो, त्याच दांड्या आणि पुलावर ४८ रुंद, ३३-३४ उंच अशी नवी काच कापून बसवता येते. फक्त काच १.६० किंवा १.६७ ची हवी, साध्या १.५० ला स्क्रूच्या भोकापाशी तडे जातात. कड मॅट ठेवायला सांगा, पॉलिश केली की ती चमकते.

बिल करताना ‘प्रोग्रेसिव्ह न जमल्यास काच बदलून मिळेल’ हे मुदतीसह लिहून घ्या. बऱ्याच कंपन्या ती सोय देतात, पण तोंडी सांगितलेलं महिन्याने कुणाला आठवत नाही. चष्मा घ्यायला जाल तेव्हा क्रॉस पुसायच्या आधी डोळ्यांवर घालून बघा, मग त्याच खुर्चीत बसून मोबाइलवरचा मेसेज, दारावरची पाटी आणि हातातलं बिल वाचून बघा. हनुवटी जागेवर असेल तर पैसे द्या.